फोल्डरचा ताळेबंद

विंडोज एक्सपीच्या एक्सप्लोररमध्ये ‘डिटेल्स’ हे दृश्य निवडले की प्रत्येक फाइलच्या नावासमोर तिचा आकार येतो आणि प्रत्येक फोल्डरसमोरची जागा मात्र कोरी राहते. विंडोज ९५ पासून हे असेच चालत आले आहे. ज्या घरात ४० किंवा ८० जीबीच्या हार्ड डिस्कचा जुना संगणक अजून चालू आहे, तिथे ही कोरी जागा खटकते. डिस्क भरत आली की कुठली फाइल मोठी यापेक्षा कुठल्या फोल्डरने जागा खाल्ली हे आधी कळायला हवे असते. त्याच्या पाठोपाठ दुसरी मागणी येते, की ही यादी आकारांसकट कागदावर छापून मिळावी. संगणक क्षणात लाखो बेरजा करतो, मग एवढी साधी बेरीज तो दाखवत का नाही आणि दिसणारी यादी छापण्याची सोय त्याच्यात का नाही, असा या तक्रारीचा सूर असतो. एखाद्या फुकट प्रोग्रॅमचे नाव सांगून बहुतेक वेळा तिची बोळवण होते. असे प्रोग्रॅम उपयोगी आहेतच आणि त्यांचा आढावा पुढे येईल. पण ती जागा कोरी का, हे समजल्याशिवाय त्यांनी दिलेले आकडे नीट वाचता येत नाहीत. या लेखाचे म्हणणे एवढेच, की फाइलचा आकार ही नोंद असते आणि फोल्डरचा आकार हा हिशेब असतो. हिशेब मागितल्यावर करावा लागतो, त्याला वेळ लागतो, तो कोणत्या रीतीने केला हे सांगावे लागते, आणि त्यावर तारीख नसेल तर त्याला फारशी किंमत राहत नाही. आकार पाहणे आणि आकार छापणे या त्या एकाच कामाच्या दोन पायऱ्या आहेत.

नोंद म्हणजे काय ते आधी पाहू. डॉस आणि जुन्या विंडोजच्या फॅट पद्धतीत प्रत्येक फाइलसाठी ३२ बाइटची एक ओळ असते. तिच्यात नाव, तारीख, वेळ, फाइल डिस्कवर कुठे सुरू होते तो क्रमांक आणि शेवटच्या ४ बाइटांत फाइलचा आकार असतो. या ४ बाइटांमुळेच फॅट ३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठा चित्रपट उतरत नाही; त्याहून मोठा आकडा त्या रकान्यात मावतच नाही. फोल्डरसाठीही अशीच ३२ बाइटची ओळ असते, पण तिच्यात आकाराच्या रकान्यात शून्य लिहायचे असा नियम आहे. म्हणून डॉसची डीआयआर आज्ञा फोल्डरच्या नावासमोर आकड्याच्या जागी कंसात ‘डीआयआर’ हीच अक्षरे छापते. युनिक्स आणि लिनक्समधली एलएस आज्ञा फोल्डरसमोर आकडा देते खरी, पण तो पुष्कळदा ४०९६ असतो. फोल्डरमधल्या नावांच्या यादीला लागणारी ती जागा आहे. वाड्यात किती सामान आहे असे विचारावे आणि उत्तरात दारावरच्या पाटीची लांबीरुंदी मिळावी, तसा हा प्रकार. विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेली एनटीएफएस पद्धत फॅटच्या मानाने कितीतरी प्रगत होती. तरीही आतल्या सगळ्या उतरंडीची बेरीज फोल्डरच्या नोंदीत ठेवायची नाही, हे तिनेही कायम ठेवले.

दुकानाच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा भेद नवा वाटणार नाही. रोजकीर्दीत प्रत्येक व्यवहाराची ओळ त्या त्या वेळी पडते. ताळेबंद मात्र सवड काढून, सगळ्या वह्या पुढे घेऊन बसून काढावा लागतो. युनिक्सच्या कर्त्यांनी हा भेद अगदी सुरुवातीलाच मानला. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतच नावे दाखवणारी एलएस आणि जागेची बेरीज करणारी डीयू अशा दोन वेगळ्या आज्ञा होत्या. यादी बघणारा माणूस दर वेळी बेरजेसाठी थांबायला तयार नसतो, हे त्यामागचे साधे तारतम्य. विंडोजने बेरजेसाठी वेगळी आज्ञा समोर ठेवली नाही. ती राइट क्लिक करून उघडणाऱ्या ‘प्रॉपर्टीज’च्या चौकटीत गेली, आणि तीही एका वेळी एकाच प्रश्नाचे उत्तर देते. दहा फोल्डरांची तुलना करायची तर दहा वेळा चौकट उघडायची, आकडे कागदावर उतरवायचे आणि मग लहानमोठे ठरवायचे. दहा फोल्डर एकदम निवडून प्रॉपर्टीज मागितली तर दहांची मिळून एकच बेरीज मिळते. तेव्हा तक्रारीतला खरा भाग असा, की हिशेब करायची सोय आहे, पण हिशेबाचा तक्ता मांडायची सोय दिलेली नाही.

हा हिशेब महाग का पडतो, हे जुन्या संगणकावर आकड्यांनी दाखवता येते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक, आणि डोके सरकायला साधारण ९ मिलिसेकंद धरले, तर एका उडीला १३ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला अशा ७५ उड्या होतात. डिस्कवर १०,००० फोल्डर विखुरलेले असतील आणि प्रत्येकाची यादी वाचायला एकच उडी पुरत असेल, तरी सव्वादोन मिनिटे गेली. त्या वेळात डिस्क दुसरे काही धड करू शकत नाही. प्रोसेसर कितीही वेगवान असो, तो डोके सरकण्याची वाट बघत बसतो. एक्सप्लोररची खिडकी उघडताच ही मोजणी सुरू झाली असती, तर सी ड्राइव्ह उघडण्याचे साधे काम चहा होईपर्यंत लांबले असते. आणि मोजणी पुरी होण्याआधीच एखाद्या प्रोग्रॅमने नवी फाइल लिहून बेरीज शिळी केली असती. एक्सपीने यावर मधला मार्ग काढला. फोल्डरवर माउस क्षणभर थांबवला की पिवळ्या पट्टीत आकार आणि आतली काही नावे येतात. पण मोजणी लांबत गेली तर पट्टी ‘यापेक्षा मोठा’ असे सांगून काम सोडते. ती पट्टी म्हणजे ठरावीक वेळात जमेल तेवढीच केलेली बेरीज.

यावर जाणकार वाचक आक्षेप घेईल, की दर वेळी सगळे मोजायचेच कशाला? फाइल वाढली की तिच्या फोल्डरची बेरीज तेवढ्याने वाढवावी, त्याच्या वरच्या फोल्डरची वाढवावी, असे मुळापर्यंत जावे. कल्पना सुबक आहे आणि काही ठिकाणी ती अमलातही आली आहे. सेफ नावाची मोठ्या साठ्यांसाठीची फाइल पद्धत फोल्डरच्या उतरंडीची बेरीज स्वतः बाळगते. विंडोज सर्व्हर २००३ च्या आर २ आवृत्तीत फोल्डरला कमाल मर्यादा घालून देण्याची आणि साठ्याचे अहवाल काढण्याची सोय आली. ॲपलने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या एपीएफएस पद्धतीत झटपट आकार सांगणारे फोल्डर करता येतात, मात्र फोल्डर रिकामा असतानाच त्याला तसे ठरवावे लागते. ही उदाहरणे अशक्य काही नाही हे सिद्ध करतात, आणि त्याचबरोबर किंमत किती हेही सांगतात. सात पायऱ्या खोल असलेल्या फाइलमध्ये एक ओळ वाढली तर सात ठिकाणचे आकडे बदलायचे. त्यातही सगळ्यात वरचा फोल्डर प्रत्येक बदलात सामील, म्हणजे सगळ्यांची रांग त्याच्याच दाराशी. मध्येच वीज गेली तर कुठले आकडे बदलले आणि कुठले राहिले याचा माग काढायचा. शिवाय हार्ड लिंकमुळे एकच फाइल दोन फोल्डरांत नांदू शकते. तिचा भार कुणाच्या खाती मांडायचा याला एक सर्वमान्य उत्तर नाही. सर्व्हरवर ही किंमत परवडते, कारण तिथे मोजणी हेही एक काम असते. २५६ एमबी मेमरीच्या घरगुती संगणकावर तिचा बोजा रोज प्रत्येक कामावर पडला असता, आणि फायदा महिन्यातून एखाद्या दिवशी झाला असता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मॅकिंटॉशने हे कधीच करून दाखवले होते. १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये फोल्डरांचे आकार मोजून यादीत दाखवावेत का, यासाठी एक खूण करायची चौकट होती. पुढे मॅक ओएस टेनच्या फाइंडरमध्येही ‘सगळे आकार मोजा’ अशी निवड आली. म्हणजे यादीत रकाना देणे जमण्याजोगे होते, यात शंका नाही. पण ही चौकट मुळात वेगळी ठेवलेली होती, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. खूण केली की आकडे एकेक करून, मोजणी होईल तसे उमटतात, आणि तोवर डिस्क कुरकुरत राहते. मॅकने मोजणी स्वस्त केली नाही. ती करायची की नाही हा निर्णय वापरणाऱ्यावर सोपवला. विंडोजने तो अधिकारच दिला नाही, ही टीका रास्त आहे. एक्सपीच्या काळात ती उणीव बाहेरच्या लोकांनी भरूनही काढली. ‘फोल्डर साइझ’ नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम एक्सप्लोररमध्येच जास्तीचा रकाना बसवी आणि मागे बसून मोजणी करत राही. पुढे व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने बाहेरच्या प्रोग्रॅमना असे रकाने जोडू देणारी खिडकीच बंद केली. या एका बाबतीत जुना संगणक नव्याहून सोयीचा ठरतो.

हिशेब म्हटला की रीत आली, आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो. प्रॉपर्टीजच्या चौकटीत ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ असे दोन आकडे येतात. पहिला मजकुराचा, दुसरा त्याने अडवलेल्या जागेचा. डिस्कवरची जागा क्लस्टर नावाच्या ठरावीक खणांत वाटलेली असते आणि एका खणात दोन फाइली राहू शकत नाहीत. फॅट १६ पद्धतीच्या २ जीबीच्या भागात हा खण ३२ केबीचा. दोन केबीची एक अशी १,००० पत्रे तिथे ठेवली तर मजकूर होतो २ एमबीच्या आत, पण जागा अडते ३१ एमबी. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेल्या फॅट ३२ ने ८ जीबीपर्यंतच्या भागात खण ४ केबीवर आणला आणि ही नासाडी बरीच घटली. एनटीएफएसमध्ये खण सहसा ४ केबीचाच. शिवाय काही शे बाइटांची चिमुकली फाइल मुख्य नोंदवहीतच बसते आणि तिच्यासाठी वेगळा खण लागत नाही. म्हणून कोणता आकडा खरा, या वादाला अर्थ नाही. डिस्कवर जागा किती मोकळी होईल हे जाणायचे तर दुसरा आकडा, सीडी किंवा डीव्हीडीवर काय मावेल याचा अंदाज घ्यायचा तर पहिला. त्यात एककांचा गोंधळ मिसळतो. कारखानदार १,००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या, म्हणून खोक्यावर ५०० जीबी लिहिलेली डिस्क विंडोजला ४६५ जीबीची दिसते आणि ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर त्याच्या मापाने ४.३७ जीबीच मावतात. ॲपलने २००९ च्या स्नो लेपर्ड आवृत्तीपासून दशमान मोजणी धरली. तेव्हा एकच फोल्डर दोन संगणकांवर दोन आकारांचा दिसला तर त्यात चूक कुणाचीच नसते.

रीत पाळूनही बेरजा जुळत नाहीत, ही त्यानंतरची तक्रार. सी ड्राइव्हवरच्या सगळ्या फोल्डरांची बेरीज ड्राइव्हच्या ‘वापरलेल्या’ आकड्यापेक्षा काही जीबींनी कमी भरते, आणि व्हायरसने जागा खाल्ली अशी शंका येते. खरे कारण बहुधा साधे असते. एक्सपी आपल्या ‘सिस्टिम रिस्टोर’साठी मोठ्या डिस्कचा १२ टक्के भाग वापरू शकते आणि ती जागा ज्या फोल्डरात असते तो एनटीएफएसवर सामान्य वापरणाऱ्याला उघडता येत नाही, म्हणून मोजणाऱ्याच्या हाती शून्य लागते. रिसायकल बिनसाठी मूळ मर्यादा १० टक्क्यांची. संगणक हायबरनेट होत असेल तर बसवलेल्या मेमरीएवढी एक फाइल मुळाशी लपून असते, आणि आभासी मेमरीची दुसरी फाइल शेजारीच. व्हिस्टा आणि विंडोज ७ वर उलटा प्रकार घडतो. तिथला ‘विनएसएक्सएस’ हा फोल्डर अवाढव्य दिसतो, कारण त्यातल्या पुष्कळ फाइली हार्ड लिंकमुळे दुसऱ्या फोल्डरांतही आहेत आणि मोजणारा त्या दोन्हीकडे धरतो. तो आकडा पाहून तो फोल्डर पुसायला निघालेला माणूस जागा थोडी मिळवेल आणि विंडोज गमावेल. तेव्हा चांगल्या हिशेबात ‘न जुळलेली रक्कम’ ही ओळ असलीच पाहिजे. ती लपवणारा तक्ता दिसायला नीटस असतो, पण फसवा असतो.

आता साधनांकडे वळू. काहीही न बसवता चालणारे साधन म्हणजे आज्ञापटलावरची, म्हणजे कमांड प्रॉम्प्टवरची, डीआयआर. तिला ‘स्लॅश एस’ जोडले की ती सगळी उतरंड वाचते. पण प्रत्येक फोल्डरखाली ती देते ती बेरीज त्या फोल्डरात थेट असलेल्या फाइलींची असते, पोटफोल्डरांची नसते. एकत्र बेरीज अगदी शेवटी येते. ‘स्लॅश ए’ जोडले नाही तर लपवलेल्या फाइली वगळल्या जातात, हेही ध्यानात ठेवायला हवे. मायक्रोसॉफ्टच्याच एक्सपीसाठीच्या जादा साधनांत ‘डिरयूज’ होते, जे फोल्डरवार बेरजा ओळीने देई. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातल्या डीयूने युनिक्सची तीच जुनी रीत विंडोजवर आणली. माउसने काम करणाऱ्यांसाठी जर्मनीतल्या जॅम सॉफ्टवेअरचे ट्रीसाइझ आहे. त्यात उतरंड एक्सप्लोररसारखी उलगडते, प्रत्येक पायरीवर मोठा फोल्डर वर येतो आणि निकालाचा छापील अहवालही निघतो. जुन्या संगणकावर हलके लिनक्स चालवणाऱ्यांना आज्ञापटलावर चालणारे एनसीडीयू पुरते. विझट्री या प्रोग्रॅमने मात्र मोजणीची वाटच बदलली. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलची साधारण १ केबीची नोंद एकाच मुख्य वहीत असते. फोल्डर उघडत फिरण्याऐवजी ही वहीच सलग वाचली तर २,००,००० फाइलींसाठी सुमारे २०० एमबी वाचावे लागतात. सेकंदाला ५० एमबी वाचणारी जुनी डिस्कही ते चार सेकंदांत संपवते. वेग वाढला तो उड्या टळल्यामुळे. पण ही युक्ती एनटीएफएसपुरतीच. फॅट पद्धतीच्या डिस्कवर तशी मुख्य वहीच नसते.

चित्रातून आकार दाखवण्याची कल्पना तर थेट भरलेल्या डिस्कमधूनच जन्मली. मेरिलँड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९९० मध्ये १४ जण ८० एमबीची एक डिस्क वाटून वापरत होते आणि ती सतत भरून जाई. जागा नेमकी कुणी आणि कशाने व्यापली हे एका नजरेत दिसावे, म्हणून बेन श्नायडरमन यांनी पडद्याचा आयत फोल्डरांच्या आकाराच्या प्रमाणात विभागण्याची पद्धत काढली. तीच आजची ट्रीमॅप. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठात पुढे त्या आयतांना चौरसाजवळ नेण्याची आणि गादीसारखा उठाव देण्याची तंत्रे बसवली गेली. लिनक्सवरचे केडिरस्टॅट आणि त्याच्यावरून विंडोजसाठी घडवलेले विनडिरस्टॅट यांतून ती घरोघर पोहोचली. मोठा अपराधी पकडायला या चित्राला तोड नाही. विसरलेली ३ जीबीची चित्रफीत रंगीत ठोकळा होऊन समोर येते. पण चित्राची मर्यादाही तिथेच आहे. मध्यम आकाराचे वीस फोल्डर त्यात सारखेच दिसतात, आकडा वाचता येत नाही, आणि गेल्या दिवाळीचे चित्र व आजचे चित्र शेजारी ठेवून फरक काढणे जवळजवळ अशक्य. त्यासाठी ओळींची यादीच लागते, आणि यादी म्हटली की छापण्याचा प्रश्न आला.

छापण्याची सोय पूर्वी नव्हती आणि पुढे आली, अशी समजूत असेल तर इतिहास नेमका उलटा आहे. मार्च १९८३ मध्ये आयबीएमच्या १० एमबी हार्ड डिस्कवाल्या संगणकाबरोबर डॉस २.० आले. फोल्डर आणि आज्ञेचे उत्तर पडद्याऐवजी दुसरीकडे वळवणारी खूण या दोन्ही गोष्टी त्यात एकदमच आल्या. डीआयआर लिहून पुढे ती बाणाची खूण आणि ‘पीआरएन’ असे टंकले की यादी थेट प्रिंटरवर उतरे. जुन्या मॅकच्या फाइंडरमध्येही उघडी खिडकी छापण्याची आज्ञा मेनूतच होती. मॅक ओएस टेनच्या फाइंडरमध्ये ती राहिली नाही. विंडोज एक्सप्लोररला ती कधीच नव्हती. मागणी इतकी होती की मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी एक पाककृतीच प्रसिद्ध केली. काही ओळींची बॅच फाइल लिहायची, ती राइट क्लिकच्या मेनूला जोडायची, आणि ती डीआयआरची यादी नोटपॅडमार्फत छापून देई. मात्र डीआयआरचीच यादी असल्याने फोल्डरांसमोर आकडा तिच्यातही नाही. जुनी डॉसची युक्तीही आता चालेलच असे नाही. ‘पीआरएन’ म्हणजे समांतर पोर्टवरचा प्रिंटर. यूएसबीवरच्या प्रिंटरला तो निरोप पोहोचत नाही, आणि अनेक स्वस्त इंकजेट व लेझर प्रिंटरांना नुसता मजकूर समजतच नाही, त्यांना विंडोजने तयार केलेले चित्र लागते. म्हणून यादी आधी मजकुराच्या फाइलीत वळवायची आणि ती फाइल नोटपॅडमधून किंवा एक्सेलमध्ये नेऊन, आकारानुसार लावून छापायची, हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. दुकानातला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर हाताशी असेल तर त्याच्यासारखे साधन नाही. ११ इंची पानावर ६६ ओळी, बारीक अक्षरांत ८० ऐवजी सुमारे १३६ अक्षरांची ओळ, आणि सलग कागद.

मराठी वापरणाऱ्यांपुढे एक जास्तीची अडचण उभी राहते. एक्सपीमध्ये प्रादेशिक भाषांची जोड बसवली की एक्सप्लोररमध्ये देवनागरी नावे नीट दिसतात. पण आज्ञापटलावर त्यांचे चौकोन होतात आणि यादी फाइलीत वळवली की त्यांची प्रश्नचिन्हे. आज्ञापटल आपले उत्तर जुन्या, मर्यादित अक्षरसंचात लिहिते आणि त्यात देवनागरी नाही. ‘सीएमडी’ला ‘स्लॅश यू’ जोडून सुरू केले तर डीआयआरची यादी युनिकोडमध्ये लिहिली जाते, आणि नोटपॅडमध्ये उघडताना युनिकोड निवडून, मंगल फाँट लावून ती सुखरूप छापता येते. युनिकोडपूर्व फाँटांवर काम झालेल्या संगणकांची गोष्ट निराळी. तिथे मजकूर मराठी दिसे तो फाँटच्या जोरावर, पण फाइलींची नावे विंडोज आपल्याच फाँटमध्ये दाखवी. त्यामुळे नावे रोमनमध्येच ठेवावी लागत. अशा डिस्कच्या यादीत आठ अक्षरांत कोंबलेली नावे असतात आणि आत काय आहे हे नावावरून उमगत नाही. तिथे फोल्डरचा आकार आणि तारीख हेच ओळखीचे धागे उरतात, म्हणून छापील यादी आणखी मोलाची.

कागद कशाला, फाइल जपून ठेवावी की, हा शेवटचा मोठा आक्षेप. त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. २,००,००० फाइलींची संपूर्ण यादी ६६ ओळींच्या पानांवर छापायची तर ३,००० हून अधिक पाने लागतील आणि ती कुणी वाचणार नाही. पण ताळेबंदात प्रत्येक व्यवहार लिहीत नाहीत. वरच्या दोन पायऱ्यांवरचे फोल्डरच घेतले तर घरगुती डिस्कवर शे-दोनशे ओळी होतात, म्हणजे फार तर तीन-चार पाने. ही पाने त्या डिस्कच्या बाहेर राहतात, हा त्यांचा मोठा गुण. जुन्या डिस्कच्या बाबतीत ती बंद पडेल का यापेक्षा कधी बंद पडेल हाच प्रश्न असतो, आणि तिच्यावरचीच यादी तिच्याबरोबरच जाते. पेनड्राइव्हवर प्रत ठेवली तरी चालेल. पण फायलीत लावलेला कागद उघडायला संगणक लागत नाही, आणि डिस्क बंद पडल्यावर नेमके तेच हवे असते. काय गेले, किती गेले, आणि परत मिळवण्यासाठी खर्च करण्याइतके ते आहे का, हे त्या कागदावरून ठरवता येते.

मोठी डिस्क घेतली की सगळा प्रश्नच मिटतो, असेही सांगितले जाते. नव्या संगणकापुरते ते खरे मानू. जुन्या संगणकावर त्याला कुंपणे आहेत. २८ बिटांच्या पत्त्यांमुळे १३७ जीबीपलीकडची जागा न दिसणारे मदरबोर्ड आहेत, आणि मूळ एक्सपीलाही पहिल्या सर्व्हिस पॅकपर्यंत ती नीट हाताळता येत नव्हती. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला, त्यामुळे अशा संगणकावर नवे प्रोग्रॅम उतरवून घेणेही जपूनच करावे लागते. आणि जागा वाढली तरी काय ठेवायचे, कशाची दुसरी प्रत काढायची, कोणता फोल्डर एका डीव्हीडीवर मावेल हे ठरवायला आकडे लागतातच. मोठे गोदाम घेतले म्हणून मालाची मोजदाद सुटत नाही.

या सगळ्यातून छापील तक्ता कसा असावा याचे उत्तर आपोआप निघते. वर तारीख आणि ड्राइव्हचे नाव. त्याखाली एकूण, वापरलेली आणि मोकळी जागा. मोजणी मजकुराची की अडवलेल्या जागेची, आणि लपवलेल्या फाइली धरल्या की नाहीत, याची एक ओळ. मग मोठ्याकडून लहानाकडे वरच्या दोन पायऱ्यांचे फोल्डर, आणि तळाशी न जुळलेली रक्कम. हे सगळे एक्सप्लोररच्या एका रकान्यात बसले नसते. असा तक्ता पुन्हा सहा महिन्यांनी काढून पहिल्याशेजारी ठेवला, की छायाचित्रांचा फोल्डर ४ जीबींनी वाढला, गाण्यांचा तसाच राहिला आणि न जुळलेली रक्कम दुप्पट झाली, हे पेन्सिलीने खुणा करत वाचता येते. आज किती जागा भरली हे पडद्यावरचा सर्वांत वेगवान प्रोग्रॅमही सांगेल. ती कशाने आणि कधीपासून भरत गेली, हे सांगायला मात्र तारीख घातलेले दोन कागद लागतात.